स्किटमधला तो माणूस शेवटी मरायलाच हवा का?

ताई नमस्कार,

मी 27 वर्षांची आहे, नोकरी करते आणि आमचा तरुणांचा एक ग्रुप आहे त्यात बरीच वर्षं काम करते. यंदा 1 डिसेंबरला जागतिक एड्स दिनाचा प्रोग्रॅम आम्ही आरोग्य खात्याच्या लोकांसोबत मिळून करतोय आणि स्किटची जबाबदारी माझ्यावर आलीय. अडचण अशी की माझा सख्खा मोठा भाऊ तीन वर्षांपासून एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे. रोज गोळी घेतो, कामाला जातो, तब्येत ठणठणीत, शेवटच्या दोन्ही रिपोर्टमध्ये व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडलेलाच नाही. घरात फक्त मला आणि आईला माहितीये. तरी दादा अजून स्वतःचा टॉवेल वेगळ्या खिळ्याला लावतो, आम्ही कितीदा सांगितलं तरी.

परवा तालीम बघितली. हिरोच्या तोंडाला टाल्कम पावडर फासलेली, डोळ्यांखाली काजळ, तो खोकत खोकत येतो, बायको रडते, शेवटी तो पांढऱ्या चादरीखाली आणि मागून आवाज येतो की वाकड्या वाटेने गेलं की असंच होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीपण वाजवल्या. दादा दरवर्षी आमच्या प्रोग्रॅमला येतो आणि पुढच्या रांगेत बसतो. मी विरोध केला तर सगळे विचारणार, तुला एवढं का लागलं? त्यात एकाने सुचवलंय की एखादा खरा पॉझिटिव्ह माणूस स्टेजवर बोलवू, इम्पॅक्ट येईल. दादाला विचारू का? की सरळ अंग काढून घेऊ? आणि खरं सांगा, असल्या रॅल्या-पोस्टरांनी काही फरक पडतो का?

टाळ्या वाजवलेली बहीण

अगं, त्या टाळ्यांचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. तालमीत सगळे वाजवतात म्हणून आपणही वाजवतो, आणि त्या क्षणी तू हात खाली ठेवले असते तर चार माना तुझ्याकडे वळल्या असत्या हे तुला आत कुठेतरी माहिती होतं. तू त्या वेळी दादाला सांभाळलंस असं मी म्हणेन.

अंग काढून घेऊ नकोस, हे आधी सांगते. तू गेलीस तर ती पावडर तशीच राहील आणि दादा पुढच्या रांगेत बसून बघेल, एवढंच होईल. त्या खोलीत एचआयव्ही घेऊन जगणारा माणूस रोज कसा दिसतो हे माहिती असणारी कदाचित तू एकटीच आहेस, म्हणजे स्किट लिहायला तुझ्याइतकं योग्य माणूस तिथे दुसरं कोणी नाही.

आता तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते कारण बाकीची उत्तरं त्यातच अडकलीयेत. फरक पडतो का? पडतो, पण कशाने पडतो ते बघावं लागतं. 1987 साली ऑस्ट्रेलियात टीव्हीवर एक जाहिरात आली होती, त्यात काळ्या झग्यातला मृत्यू बोलिंगचा भलामोठा बॉल सोडतो आणि पिनांच्या जागी उभी असलेली बायका-पोरं-पुरुष धडाधड पडतात. अख्खा देश हादरला, एड्सचं नाव घराघरात गेलं, म्हणजे ज्याला आपण जागृती म्हणतो ती शंभर टक्के झाली. पण नंतर असं लक्षात आलं की बऱ्याच लोकांच्या डोक्यात तो काळा झगेवालाच समलिंगी पुरुषांशी जोडला गेला, ज्यांना या आजाराची सगळ्यात जास्त झळ बसत होती तेच बाकीच्यांना मृत्यू वाटायला लागले. त्याच वर्षी ब्रिटनमध्येही सरकारने कोसळणाऱ्या दगडाची आणि थडग्याची जाहिरात केली, भीती तिथेही होतीच, पण त्यांनी सोबत घरोघरी एक पत्रक टाकलं ज्यात कंडोम, सुया, शरीरसंबंध याबद्दल सरळ भाषेत लिहिलेलं होतं. आरोग्यमंत्री नॉर्मन फाउलर त्यासाठी आपल्याच सरकारमधल्या लोकांशी भांडले कारण काहींना ती भाषा फार उघडी वाटत होती. शिवाय तिथे ड्रग्ज टोचणाऱ्यांना स्वच्छ सुया द्यायलाही सुरुवात झाली. थडग्याने लोकांचं लक्ष वेधलं असेल, पण माणसाने नेमकं काय करायचं ते पत्रकाने सांगितलं. तुमच्या स्किटमध्ये सध्या नुसतंच थडगं आहे बघ.

थायलंडची गोष्ट मला त्याहून आवडते. तिथे मेचाई वीरवैद्य नावाचा माणूस कुटुंब नियोजनाच्या काळापासून लोकांना कंडोमबद्दल हसत हसत बोलायला लावायचा, कंडोम फुगवायच्या स्पर्धा घ्यायचा, इतका की लोक कंडोमला त्याच्याच नावाने ओळखायला लागले. 1991 मध्ये तो सरकारमध्ये गेला, रेडिओ-टीव्हीवर सतत माहिती सुरू झाली आणि सेक्स वर्क चालतं त्या प्रत्येक ठिकाणी कंडोम वापरलाच पाहिजे असा कार्यक्रम देशभर लागू केला. पुढच्या दहा-बारा वर्षांत तिथली नवी लागण प्रचंड खाली आली. नुसत्या विनोदाने नाही आली हं, मागे सरकारचा पैसा होता, फुकट कंडोम होते, गुप्तरोगाचे दवाखाने होते. पण लाज वाटते म्हणून न बोलणारा समाज बोलायला लागला ही सुरुवात त्या फुग्यांनीच झाली.

मी स्वतः काही वर्षं टेस्टिंग सेंटरवर समुपदेशनाचं काम केलंय, कुठे ते राहू दे. आमच्या दारावर मोठ्या लाल अक्षरात पाटी होती, ‘एड्स तपासणी कक्ष’, आणि दाराच्या अगदी समोर पिण्याच्या पाण्याचा नळ. माणसं यायची आणि नळावर पाणी प्यायची. मग इकडे तिकडे बघायची, परत प्यायची. एक मुलगा मी मोजलंय, पाच वेळा पाणी प्यायला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी परत आला, परत पाणी. तिसऱ्या दिवशी मीच रिकामा ग्लास घेऊन नळावर गेले आणि म्हटलं आत फॅन आहे, बसा थोडा वेळ. रिपोर्ट निगेटिव्ह होता त्याचा. पण कॉलेजात असताना बघितलेलं एक पोस्टर त्याला पाठ होतं, त्यावर हाडांचा सापळा होता, आणि तो मला म्हणाला की मॅडम मला वाटलं आत गेलो की संपलं. पुढे आम्ही पाटी बदलली, नुसतं ‘समुपदेशन’ लिहिलं. नळ तिथेच राहिला.

म्हणून सांगते, लागण ज्याला असू शकते त्यालाच भीती सगळ्यात आधी पळवून लावते. बाकीचे टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाच्या आकडेवारीनुसार 2024 मध्ये जगात साधारण 4 कोटी 8 लाख माणसं एचआयव्हीसोबत जगत होती, त्यातली 3 कोटी 16 लाख उपचारावर होती, आणि 50 लाखांहून जास्त लोकांना आपल्याला लागण आहे हेच माहिती नव्हतं. तुमचा प्रोग्रॅम खरंतर त्या न माहिती असणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे कुठेतरी नळावर पाणी पीत उभा असलेल्यासाठी. एड्सशी संबंधित मृत्यू 2004 मध्ये वर्षाला 21 लाखांच्या आसपास होते, ते 2024 मध्ये 6 लाख 30 हजारांवर आले. तेही खूपच आहेत, पण ‘पॉझिटिव्ह म्हणजे चादरीखाली’ हे 1987 चं चित्र झालं. तुमचं स्किट जवळजवळ चाळीस वर्षं जुनं आहे असं बेधडक सांग ग्रुपला.

आणि तुला हवा असलेला बचावही इथेच आहे. ‘मला वाईट वाटतं’ म्हणून विरोध करूच नकोस, ‘ही माहिती चुकीची आहे’ म्हणून कर. मग कोणी विचारणार नाही की तुला का लागलं. त्याहून सोपं म्हणजे स्क्रिप्ट आरोग्य खात्याच्या समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना वाचायला दे, आपण त्यांच्यासोबत प्रोग्रॅम करतोय तर त्यांचा ओके घेतलेला बरा एवढंच म्हण. काम माहिती असलेला कुठलाही समुपदेशक पहिल्या पानावरच लाल पेन काढेल आणि तुझ्या तोंडून एक शब्द न जाता चादर उडेल. समजा तो समुपदेशकही पावडरवाला निघाला (असतात, मी पाहिलेत), तर ग्रुपला एकच विचार, स्किटनंतर लगेच टेस्टिंग ठेवलंय ना आपण, मग हे बघून कोण उठून रांगेत उभं राहील? तू राहशील का?

स्किटमध्ये काय घ्यायचं तेही लिहिते, तुला हवं ते उचल. एचआयव्ही हा विषाणू आणि एड्स ही उपचार न घेतल्यास बऱ्याच वर्षांनी येणारी अवस्था, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आपल्याकडे शिकलेल्या लोकांनाही माहिती नसतं, सगळे सरसकट ‘एड्स झाला’ म्हणतात. नियमित औषध घेऊन ज्याचा व्हायरल लोड सापडत नाही इतका खाली गेला आणि तसाच राहिला, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे कोणी मन राखायला म्हणत नाहीये. युरोपात शेकडो जोडप्यांचा, ज्यातला एक पॉझिटिव्ह आणि उपचारावर, दुसरा निगेटिव्ह, असा वर्षानुवर्षं अभ्यास झाला, कंडोमशिवाय संबंध ठेवूनही उपचारावरच्या जोडीदाराकडून झालेली लागण शून्य निघाली. माझं वैयक्तिक मत असं की या एका वाक्याइतकं बळ दुसऱ्या कुठल्याच पोस्टरमध्ये नाही, आणि नेमकं हेच वाक्य बहुतेक प्रोग्रॅममध्ये नसतं कारण आयोजकांना वाटतं की हे सांगितलं तर लोक घाबरायचे बंद होतील. अरे, व्हायलाच पाहिजेत ना!

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. धोका झाला असं वाटलं, कंडोम फाटला, सुई टोचली, जबरदस्ती झाली, तर 72 तासांच्या आत सुरू केलेलं औषध 28 दिवस घेतलं की लागण टळायची शक्यता खूप वाढते, जितक्या लवकर तितकं चांगलं. माणसं तीन दिवस रडत बसतात आणि चौथ्या दिवशी येतात, मग आमच्या हातात टेस्टची तारीख देण्यापलीकडे फारसं काही राहत नाही. गरोदर बाई पॉझिटिव्ह असेल तर उपचार न घेता बाळाला लागण व्हायची शक्यता 15 ते 45 टक्के असते, वेळेत उपचार घेतले तर 5 टक्क्यांच्याही खाली येते. आणि हात मिळवणं, एका ताटात जेवणं, डास, संडास, टॉवेल, यातल्या कशानेही एचआयव्ही पसरत नाही. टॉवेल मुद्दाम लिहिलाय. लाल रिबीन, शपथ, रॅली हे सगळं असू दे की, त्याने कोणाचं नुकसान नाही, फक्त अर्धा दिवस त्यात घालवू नका.

गोष्ट म्हणून सांगायची तर एक तरुण घे, टेस्ट टाळतोय, बहाण्यावर बहाणे, त्यातून लोकांना हसू दे. मित्र सोबत जातो. रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो, इथे सगळे गप्प होतील, होऊ दे, दुःख लपवायचं नाहीये आपल्याला. मग पाच वर्षांनंतरचा सीन, रात्री नऊला मोबाइलचा अलार्म वाजतो, तो गोळी घेतो आणि ऑफिसच्या कामाबद्दल किंवा क्रिकेटबद्दल जे भांडण चाललेलं असतं ते पुढे चालू ठेवतो. बस. हिरोला पावडर नको आणि व्हिलनही नको. ‘वाकड्या वाटेने गेलं’ हे वाक्य तर आधी काढ, कारण नवऱ्याकडून लागण झालेल्या बाईने आणि जन्मतःच पॉझिटिव्ह असलेल्या मुलाने ते ऐकून काय समजायचं? आणि कोणी कुठल्याही वाटेने गेलेला असू दे, औषध त्यालाही तेवढंच लागतं.

शब्दांचंही बघ जरा. ‘एड्सग्रस्त’, ‘एड्सचे बळी’ असलं नको. 1983 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला हा आजार असलेल्या लोकांनीच एकत्र येऊन लिहून ठेवलं होतं की आम्हाला बळी म्हणू नका, आम्ही हा आजार असलेली माणसं आहोत आणि आमच्याबद्दल ठरवताना आम्हाला सोबत घ्या. तेव्हा औषधंसुद्धा नव्हती त्यांच्याकडे.

आता दादा. स्टेजवर येतोस का असं त्याला विचारू नकोस. विचारणं हाही दबाव असतो, विशेषतः ज्या बहिणीने गुपित सांभाळलं तिने विचारलं तर. स्वतःहून समोर येऊन बोललेल्या माणसांनी फार मोठं काम केलंय हे खरंय. युगांडात फिली लुटाया नावाच्या लोकप्रिय गायकाने 1989 मध्ये जाहीर सांगितलं की मला एड्स आहे, आणि उरलेले महिने शाळांमधून, चर्चमधून बोलत फिरला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेला. त्याच्यामुळे तिथे लोकांना या आजाराला पहिल्यांदा ओळखीचा चेहरा मिळाला. पण दुसरी बाजूही ऐक. दक्षिण आफ्रिकेत गुगू द्लामिनी या बाईने 1998 च्या जागतिक एड्स दिनाला आपण पॉझिटिव्ह असल्याचं जाहीर केलं आणि त्याच महिन्यात तिच्याच वस्तीतल्या लोकांनी मारहाण करून तिचा जीव घेतला. तुमच्या इथे असं होईल असं मी म्हणत नाहीये, पण स्टेजवरचे टाळ्यांचे पाच मिनिटं संपले की पुढचं सगळं आयुष्य त्या माणसाला आणि तुझ्या आईला त्याच शेजाऱ्यांमध्ये काढायचंय. ज्याने इम्पॅक्ट सुचवला तो तेव्हा घरी झोपलेला असेल.

कुणाचं एचआयव्ही स्टेटस कोणाला सांगायचं हे त्याने स्वतः ठरवायचं असतं. भारतात 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, 2018 पासून लागू झाला, त्यात संमतीशिवाय टेस्ट करायला आणि स्टेटस उघड करायला मनाई आहे, नोकरी-शिक्षण-उपचारात भेदभाव करायलाही. ग्रुपला खरंच अनुभव सांगणारं कोणी हवं असेल तर पॉझिटिव्ह लोकांच्या संघटना असतात, त्यांच्यात आधीपासून उघडपणे बोलणारे, तयारीचे वक्ते असतात, आरोग्य खात्यामार्फत त्यांना बोलवा. त्यांना मानधन द्या मात्र, फुकट रडायला बोलवू नका कोणाला.

दादाला न सांगता ठेवू नकोस पण. स्किटबद्दल आधीच सांग, जुनं काय होतं आणि तू काय बदलतेयस ते. त्याला यायचं नसेल तर न यावं, कुठलंही कारण न देता. आणि त्याला वाटलंच तर स्क्रिप्ट वाचायला दे. रात्रीच्या गोळीचा सीन तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळेल, पहिल्या महिन्यात पोटात कसं ढवळायचं, प्रवासात डबी कुठे लपवायची, हे असलं कुठल्या माहितीपत्रकात सापडणार?

टॉवेलचं मात्र समजावणं बंद कर. त्याला माहितीये गं, तुझ्याइतकंच माहितीये. लंडनमध्ये 1987 साली राजकुमारी डायनाने हॉस्पिटलमध्ये एका रुग्णाशी हातमोजे न घालता हात मिळवला तेव्हा त्याचे फोटो जगभर छापून आले, इतकी ती बातमी होती. त्या काळात भिनलेली भीती अजून घराघरात आहे आणि ती ज्याला लागण झालीय त्याच्या स्वतःच्या आतसुद्धा असते. कदाचित त्या खिळ्यामुळे त्याला वाटत असेल की मी आईची काळजी घेतोय. तू एखाद्या दिवशी घाईघाईत त्याच्याच टॉवेलला तोंड पूस आणि विषय काढू नकोस.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. टेस्टिंगचा तंबू मैदानाच्या मधोमध ठोकू देऊ नकोस, कोपऱ्यात, बीपी-शुगरच्या तपासणीसोबत ठेवा, म्हणजे कोण कशासाठी आत गेलं ते कळणार नाही. आत येण्या-जाण्याची वाट वेगळी ठेवा. आणि सरकारी रिपोर्टला फोटो लागतात, ग्रुपच्या पेजला पण लागतात, तर ते स्टेजचे काढा, बॅनरचे काढा, साहेबांचे दीपप्रज्वलनाचे हवे तेवढे काढा, पण रांगेचा एकही फोटो काढायचा नाही हे आदल्या दिवशीच सगळ्यांना बजाव. नुकताच धोका झालेला असेल तर टेस्टच्या प्रकारानुसार काही आठवडे ते तीन महिन्यांनी परत तपासावं लागतं, हे समुपदेशकाला माइकवरून सांगायला लाव. ज्यांना तिथे विचारायची लाज वाटेल त्यांच्यासाठी पडद्याच्या बाजूला हेल्पलाइनचा नंबर मोठ्ठा लिही, भारतात 1097, फुकट आहे.

रांगेत पहिली तू उभी राहा, नाहीतर तो पावडर लावलेला हिरो. समुपदेशकाने लाल पेन कुठे कुठे चालवला ते मला कळव, मला खरंच उत्सुकता आहे.

तुझी ताई